टांकसाळीबाहेरचीं नाणीं

गेल्या महिन्यांतील गोष्ट. तिन्हीसांजा झाल्या होत्या. देवापुढें समई लागली होती, मुलांचें शुभंकरोति आटोपलें होतें, आणि आमचे वडील बंधु दादा, ज्यांनीं तीस वर्षें हायस्कुलांत इंग्रजी शिकवून निवृत्ति पत्करली, माजघरांत झोपाळ्यावर बसले होते. इतक्यांत त्यांची सातवींतील नात शाळेची वही घेऊन आली आणि कांहीं न बोलतां ती त्यांच्यापुढें ठेवून उभी राहिली. 'माझी आजी' या विषयावर तिनें इंग्रजींत निबंध लिहिला होता. त्यांत एके ठिकाणीं तांबड्या शाईनें वर्तुळ काढून बाईंनीं बाजूस लिहिलें होतें कीं, असा शब्द इंग्रजींत नाहीं; 'ईव्हनिंग' असें लिहावें. वर्तुळांत सांपडलेला शब्द होता 'लॅम्प-टाइम'.

"बाईंचें बरोबर आहे," दादा चष्मा काढीत म्हणाले. "जो शब्द कोशांत नाहीं तो शब्दच नव्हे. टांकसाळींत पाडलेलें नाणेंच बाजारांत चालतें. घरीं बसून आपण नाणीं पाडूं लागलों, तर पोलीस येतील कीं नाहीं?"

"पण आजोबा, ईव्हनिंग म्हणजे नुसती संध्याकाळ. आजी दिवा लावते आणि मग आम्ही सगळीं घरांत येतों, ती वेळ मला सांगायची होती."

इतकें बोलून तिनें वही मिटली. त्यानंतर कित्येक दिवस तिनें स्वतःच्या मनानें इंग्रजींत एक ओळहि लिहिली नाहीं. जे निबंध शाळेसाठीं लिहावे लागले, ते तिनें मार्गदर्शक पुस्तकांतून उतरून काढले. त्यांत एकहि चूक नव्हती, आणि एकहि वाक्य तिचें नव्हतें. दादांना ही गोष्ट दिसत होती. पण शिक्षकानें दिलेला निकाल फिरवावा कसा, हा त्यांचा पेंच होता.

आमच्या वहिनींना इंग्रजी येत नाहीं. नातीनें आपल्याविषयीं काय लिहिलें तें त्यांनीं आम्हांला विचारलें, आणि आम्हीं त्या शब्दाची हकीकत सांगितली. क्षणभर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो भाऊजी, म्हणजे त्या लोकांत दिवेलागण होत नाहीं का?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस तेव्हां त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. पुढचे पंधरा दिवस आम्ही आणि दादा मिळून पुस्तकें चाळीत होतों. त्यांतून जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असा प्रसंग आमच्याच घरीं येतो असें नाहीं.

प्रथम दादांच्या टांकसाळीचाच विचार करूं. फ्रेंच भाषेला अशी एक टांकसाळ आहे. १६३५ सालीं तेथें अकादमी स्थापन झाली आणि १६९४ सालीं तिचा कोश निघाला. इंग्रजीलाहि अशी संस्था असावी, अशी सूचना जोनाथन स्विफ्ट या ग्रंथकारानें १७१२ सालीं केली होती. पण ती तशीच राहिली. म्हणजे इंग्रजी शब्दावर शिक्का मारणारी सरकारी सत्ता इंग्लंडांत कधींच नव्हती, व आजहि नाहीं. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७४७ सालीं आपल्या नियोजित कोशाचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हां भाषेला स्थिर करावें अशी त्यांची उमेद होती. आठ वर्षें खपून १७५५ सालीं कोश पुरा झाला, तेव्हां प्रस्तावनेंत त्यांनींच मोकळ्या मनानें कबूल केलें कीं, ही आशा व्यर्थ होती; भाषेला मसाला भरून जपून ठेवणें कोणत्याहि कोशकाराला साधणारें नाहीं.

मग पुढचा मोठा कोश, ज्याला आज सारें जग ऑक्सफर्डचा कोश म्हणून ओळखतें, तो कसा झाला? १८५७ सालीं लंडनच्या भाषाशास्त्र-मंडळांत त्याची कल्पना निघाली. १८७९ सालीं जेम्स मरे यांनीं संपादकत्व पत्करलें, १८८४ सालीं पहिला भाग बाहेर पडला, आणि १९२८ सालीं शेवटचा. मरे १९१५ सालींच निवर्तले होते. चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणें या कोशांत आलीं. आणि तीं जमविलीं कोणीं? इंग्लंड-अमेरिकेंतील हजारों सामान्य वाचकांनीं. पुस्तक वाचतांना एखादा शब्द आढळला कीं तो, तें वाक्य, ग्रंथ आणि साल एका चिठ्ठीवर लिहून ते मरेंकडे पाठवीत. मरेंच्या परसांत पत्र्याची एक खोली होती, तेथें या चिठ्ठ्यांचे ढीग पडत. आणि ते अकारविल्हे लावण्याचें काम त्यांचीं अकरा मुलें खाऊच्या पैशांवर करीत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना हें दृश्य परकें वाटूं नये. दिवाळीच्या अनारशांना जसे सर्वांचे हात लागतात, तसेच या महाग्रंथाला लागले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोशकार शब्द पाडीत नाहीं. तो शिरगणती करितो. शिरगणतीदार दारावर येण्यापूर्वींच मूल जन्मलेलें असतें. त्याची नोंद अद्याप झाली नाहीं म्हणून तें मूल नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं.

उलट, मूल नसतांना नोंद झाल्याचेंहि एक उदाहरण आहे, आणि तें वाचून दादासुद्धां मनमुराद हंसले. अमेरिकेंतील वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ति १९३४ सालीं निघाली. तींत 'डॉर्ड' असा एक शब्द होता, आणि पदार्थविज्ञानांत त्याचा अर्थ 'घनता' असा दिला होता. वस्तुतः असा शब्द कोणीं कधीं उच्चारलाच नव्हता. मोठा 'डी' किंवा लहान 'डी' हें अक्षर घनता या शब्दाचें संक्षिप्त रूप आहे, एवढेंच एका चिठ्ठीवर लिहिलेलें होतें. 'किंवा' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'ऑर'. तो दोन 'डीं'च्या मध्यें सांपडला, आणि तिघे मिळून 'डॉर्ड' जन्माला आला. १९३९ च्या फेब्रुवारींत एका संपादकाच्या ध्यानांत आलें कीं, या शब्दाला व्युत्पत्ति नाहीं. चौकशी झाली, आणि १९४७ सालीं त्याला कोशांतून निरोप मिळाला. अशा शब्दांना इंग्रजींत भुताचे शब्द म्हणतात. स्कीट या पंडितानें हें नांव १८८६ सालीं दिलें. तेव्हां कोशांत नाहीं म्हणून शब्द खोटा, हें जसें खरें नाहीं, तसें कोशांत आहे म्हणून खरा, हेंहि नेहमींच खरें नाहीं.

आतां घरीं बसून पाडलेल्या कांहीं नाण्यांकडे वळूं. २८ जानेवारी १७५४ रोजीं होरेस वॉल्पोल या गृहस्थानें एका मित्राला पत्र लिहितांना 'सेरेन्डिपिटी' असा शब्द बनविला. शोधावें एक आणि शहाणपणाच्या व दैवाच्या योगें सांपडावें भलतेंच उत्तम, असा त्याचा अर्थ. सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांची एक फारशी कथा त्यानें वाचली होती, तीवरून हें नांव सुचलें. आणि सेरेन्डिप म्हणजे कोणतें स्थळ? तें आपलें सिंहलद्वीप, अरबी-फारशी मुखांतून फिरून आलेलें! आज शास्त्रज्ञांच्या लेखांत मानानें मिरविणारा हा शब्द एका खासगी पत्रांत जन्मला, आणि त्याचें मूळ संस्कृतांत आहे.

दोन शब्दांचीं शकलें जोडून एक शब्द करण्याची रीत इंग्रजींत फार लोकप्रिय आहे. लुईस कॅरोल यांचें ॲलिसच्या आरशापलीकडील प्रवासाचें पुस्तक १८७१ सालीं निघालें. त्यांतील अंड्याच्या आकाराचा एक विक्षिप्त गृहस्थ ॲलिसला समजावून सांगतो कीं, असा शब्द 'पोर्टमँटो' सारखा असतो. पोर्टमँटो म्हणजे मधोमध उघडणारी दुकप्पी प्रवासी पेटी. तसे दोन अर्थ एका शब्दांत भरलेले असतात. कॅरोल यांनीं केलेल्या अशा शब्दांपैकीं बहुतेक त्या पुस्तकांतच राहिले. पण 'चॉर्टल' म्हणजे फुरफुरत हंसणें हा शब्द बाहेर पडून कायमचा नांदूं लागला. १८९५ सालीं गाय बेरिंगर नांवाच्या लेखकानें रविवारीं उशिरां उठणाऱ्यांसाठीं न्याहारी आणि दुपारचें जेवण एकत्र करावें असें सुचवून त्या भोजनाला 'ब्रंच' म्हटलें. तो शब्द आज पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांतहि दिसतो.

परंतु या जातींतील सर्वांत गंभीर शब्द 'स्मॉग' होय. लंडनमध्यें कोळशाचा धूर आणि धुकें मिळून जें काळेंपिवळें आवरण पसरे, त्याला स्वतंत्र नांव नव्हतें. १९०५ सालीं द व्हू या डॉक्टरांनीं आरोग्य-परिषदेपुढें निबंध वाचतांना 'स्मोक' आणि 'फॉग' जोडून हें नांव योजिलें. पुढें १९५२ च्या डिसेंबरांत अशाच आवरणानें लंडनमध्यें हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. धुकें देवानें पाठविलें असें म्हणून स्वस्थ बसतां येतें. 'स्मॉग' म्हटलें म्हणजे त्यांत आपल्या चुलीचा धूरहि आहे हें कबूल करावें लागतें. आपल्या वृत्तपत्रांनींहि धूर आणि धुकें जोडून 'धुरकें' केलें, तें याच रीतीनें. आणि तें इतकें सहज बसलें आहे कीं, तें नवें आहे हेंहि पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

लहान मुलांच्या शब्दांनाहि या जगांत स्थान आहे. एडवर्ड कॅस्नर या अमेरिकन गणितज्ञांना एकावर शंभर शून्यें अशा संख्येला नांव हवें होतें. त्यांनीं आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला विचारलें, आणि त्यानें 'गूगोल' असें सांगितलें. कॅस्नर यांनीं तो शब्द हंसण्यावारीं नेला नाहीं. १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या गणितावरील पुस्तकांत त्याची हकीकत दिली. त्याच शब्दाचें वर्ण बदललेलें रूप १९९८ सालीं निघालेल्या एका कंपनीनें धारण केलें, आणि आज तें घरोघरीं क्रियापद होऊन बसलें आहे. दादांनीं ही गोष्ट दोनदां वाचली. पुस्तक मिटतांना त्यांनीं नातीच्या खोलीकडे पाहिलें. पण बोलले कांहीं नाहींत.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जन्मणाऱ्या शब्दांपैकीं जगणारे थोडे. जिलेट बर्जेस या विनोदी अमेरिकन लेखकानें पुस्तकाच्या वेष्टनावरील अतिस्तुतीला १९०७ सालीं 'ब्लर्ब' हें नांव दिलें, तें टिकलें. त्या यशानें उत्साह वाढून त्यानें १९१४ सालीं स्वतः बनविलेल्या शंभर शब्दांचा कोशच छापला. त्यांतील 'ब्लर्ब' वगळतां बाकीचे जवळजवळ सर्व आज विस्मृतींत गेले आहेत.

भाषाशुद्धीच्या आवडीनें केलेल्या शब्दांचेंहि असेंच आहे. सोळाव्या शतकांत सर जॉन चीक या विद्वानाला लॅटिन-ग्रीक शब्दांचा कंटाळा होता. बायबलाच्या भाषांतरांत शंभर शिपायांच्या नायकाला त्यानें 'हंड्रेडर' केलें, आणि वेड्याला 'मून्ड' म्हणजे चंद्रानें झपाटलेला म्हटलें. एकोणिसाव्या शतकांत डॉर्सेट प्रांतांतील कवि आणि पाद्री विल्यम बार्न्स यांनीं हेंच व्रत घेतलें. १८७८ सालच्या आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत त्यांनीं व्याकरणाला 'स्पीच-क्राफ्ट' म्हटलें. मुलांच्या ढकलगाडीला त्यांनीं 'पुश-वेनलिंग' असें नांव सुचविलें. शब्द अर्थवाही होते, पण लोकांच्या तोंडीं अगोदरच दुसरे बसले होते, म्हणून ते मागें पडले. मात्र विल्यम थॉम्स यांनीं १८४६ सालीं अस्सल इंग्रजी धातूंचा 'फोकलोर' असा जो जोड केला, तो सर्व जगांत गेला. कारण लोकांच्या कथा, समजुती आणि चालीरीति यांना एकत्र कवेंत घेणारें सुटसुटीत नांव तोंपर्यंत नव्हतें. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या काळीं झालेल्या राज्यव्यवहारकोशांतील अनेक शब्द पोथींत राहिले, आणि सावरकरांनीं योजिलेले 'दिनांक' व 'महापौर' आज प्रत्येक कार्यालयांत चालतात. जेथें जागा रिकामी असते तेथें नवा शब्द घर करितो, हा न्याय दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आतां आमच्या धाकटीच्या 'लॅम्प-टाइम' कडे वळूं. हा कोणत्या जातीचा शब्द? सामासिक. आणि समासाच्या प्रांतांत इंग्रजी व्याकरणकार आपलेच ऋणी आहेत, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील पंडितांना संस्कृत व्याकरणाची ओळख झाली, आणि समासांचीं नांवें त्यांनीं जशींच्या तशीं उचललीं. आजहि इंग्रजी भाषाशास्त्राच्या ग्रंथांत बहुव्रीहि, तत्पुरुष, द्वंद्व हे शब्द रोमन लिपींत आढळतात. ज्याचा कोट तांबडा तो शिपाई 'रेडकोट'. हा पीतांबरासारखा बहुव्रीहि. 'हॉर्स-शू' म्हणजे घोड्याचा नाल. हा षष्ठी तत्पुरुष. 'ब्लॅकबर्ड' हा कर्मधारय, पण त्यांत एक गंमत आहे. दोन शब्द सुटे उच्चारले तर कोणताहि काळा पक्षी. पहिल्या पदावर जोर देऊन एका श्वासांत उच्चारले म्हणजे एक विशिष्ट गाणारा पक्षी. कावळा काळा असून 'ब्लॅकबर्ड' नव्हे, आणि या पक्ष्याची मादी तपकिरी असूनहि 'ब्लॅकबर्ड'च. दोन पदें एकत्र नांदूं लागलीं म्हणजे दोघांच्या बेरजेहून निराळा अर्थ उत्पन्न होतो, तो असा.

हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजी कवींना तर समासांचा छंदच होता. समुद्राला ते देवमाशाचा रस्ता म्हणत, आणि देहाला हाडांचें घर. पुढें १०६६ सालीं नॉर्मन राजांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि ही हौस कमी झाली. पण ती मेली नाहीं. सामासिक शब्द सुटा लिहावा, जोडून लिहावा, कीं मध्यें आडवी रेघ द्यावी, यावर इंग्रज आजहि एकमतानें वागत नाहींत. २००७ सालीं ऑक्सफर्डच्या लहान कोशाची सहावी आवृत्ति निघाली, तींत सुमारें सोळा हजार शब्दांतील रेघा एकदम काढून टाकण्यांत आल्या. काल जी रेघ न दिल्यास गुण कापले जात, ती आज दिल्यास जुनाट ठरते!

या व्यवहारांत आपण हिंदी लोक केवळ घेणारे नाहीं. मुंगसाला इंग्रजींत 'मंगूस' म्हणतात, तो शब्द मराठींतून गेला. आणि त्याच्या इंग्रजी वर्णांत शेवटीं हंसवाचक 'गूस' हा शब्द दिसूं लागल्यामुळें अनेकवचन कसें करावें असा घोळ इंग्रजांना पडतो. आपल्या तिपाईची त्यांनीं 'टीपॉय' केली, आणि मग तीवर चहा ठेवितात म्हणून तिचा चहाशींच संबंध जोडला! १८८६ सालीं यूल आणि बर्नेल यांनीं अशा शब्दांचा जो कोश काढला, त्याचें नांव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमांतील 'या हसन, या हुसेन' या घोषाचा गोऱ्या शिपायांच्या कानांनीं केलेला तो अपभ्रंश. सभा पुढें ढकलणें याला 'पोस्टपोन' होतेंच. ती अलीकडे ओढणें याला आपल्या लोकांनीं 'प्रीपोन' रूढ केलें. पुष्कळ वर्षें शिक्षकांनीं त्यावर तांबडी रेघ ओढली; आज तो ऑक्सफर्डच्या कोशांत आहे.

मग काय, मनास येईल तो शब्द करावा आणि चालवावा? आमचें म्हणणें तसें नाहीं. इंग्रजींत 'रिगार्डलेस' म्हणजे पर्वा न करितां. त्याच्या शेवटीं अभाव दाखविणारा प्रत्यय आहेच. तरी कित्येक लोक पुढें आणखी एक नकार लावून 'इर्रिगार्डलेस' म्हणतात. अमेरिकेंतील प्रसिद्ध कोशांत हा शब्द आहे, पण त्यापुढें अप्रमाण अशी खूण आहे. हा आपल्या 'पिवळ्या पीतांबरा'चा आणि 'गाईच्या गोमूत्रा'चा सख्खा भाऊ. यानें नवें कांहीं सांगितलें जात नाहीं. 'लॅम्प-टाइम' तसा नाहीं. तो काढून 'ईव्हनिंग' घातला कीं समई विझते, अंगणांतलीं मुलें घरांत येत नाहींत, आणि आजीचा हात दिसेनासा होतो. जो शब्द काढल्यानें कांहीं हरवत नाहीं तो खुशाल काढावा. जो काढल्यानें हरवतें त्याच्यापाशीं क्षणभर थांबावें. घरांतील वडील मंडळींनीं मुलांचें लेखन तपासतांना एवढी कसोटी लाविली तरी पुरे.

शाळेंतील बाईंना मात्र आम्ही दोष देत नाहीं. चाळीस मुलांच्या वह्या तपासणाऱ्याला प्रत्येक शब्दाजवळ थांबण्यास सवड कोठून असणार? आणि परीक्षा हा बाजार आहे. तेथें सर्वांच्या ओळखीचें नाणेंच पुढें करावें, हें मुलांना समजावून सांगावें. पण पत्र, दैनंदिनी, घरीं लिहिलेली गोष्ट, हा बाजार नव्हे. तेथें मुलांच्या शब्दांवर तांबडी शाई घालण्यापूर्वीं 'तुला काय म्हणायचें होतें?' एवढें एकदां विचारावें. दादांनीं त्या संध्याकाळीं निकाल दिला, पण हा प्रश्न विचारला नव्हता. "तिनें न विचारतां सांगितलें होतें रे," असें ते आम्हांस नंतर म्हणाले. "मीच ऐकलें नाहीं."

वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर राहिलेंच. तें दादांनाच सांपडलें. एके रात्रीं जुना जाड कोश मांडीवर घेऊन ते बसले होते. "अगं, ऐकलेंस का?" त्यांनीं स्वयंपाकघराकडे पाहून हांक मारली. वहिनी हात पुशीत बाहेर आल्या. दादांनीं बोट ठेवून वाचून दाखविलें: 'कँडल-लायटिंग', म्हणजे मेणबत्त्या लावण्याची वेळ, संध्याकाळचा प्रारंभ. घरोघरीं घड्याळें नव्हतीं, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील खेड्यांत सायंकाळच्या प्रार्थनेची वेळ अशीच जाहीर करीत, कीं दिवे लावण्याच्या सुमारास मंडळींनीं जमावें. त्याच्याहि आधीं शेक्सपियरच्या तिसऱ्या रिचर्डाच्या नाटकांत संधिकालाला 'कॉक-शट टाइम' असें म्हटलें आहे. कोंबडीं कोंडण्याची वेळ असा त्याचा एक अर्थ लावितात. आपण गाईंच्या धुळीवरून गोरजमुहूर्त म्हणतों, त्याच वळणाचा हा शब्द. पुढें गॅस आला, वीज आली, दिवा लावणें हें काम राहिलें नाहीं, आणि त्या वेळेचें नांवहि मागें पडलें.

"म्हणजे होती त्यांच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "विसरले ते." आणि थोडें थांबून, "आपल्या मुलीनें आठवण दिली."

दुसऱ्या दिवशीं दादांनीं नातीला जवळ बोलावून कोशांतील तें पान दाखविलें. ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या आठवड्यांत तिनें आपल्या आतेबहिणीला इंग्रजींत पत्र लिहिलें. ही मुलगी अमेरिकेंत जन्मलेली. तिला मराठी समजतें, पण वाचतां येत नाहीं. पत्र दादांकडे तपासायला आलें. त्यांनीं दोन ठिकाणीं क्रियापदाचे काळ सुधारले, आणि 'लॅम्प-टाइम' ला हात लाविला नाहीं.

परवां त्या मुलीचें उत्तर आलें. वहिनींना तें वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे होतें. तींत तिनें लिहिलें आहे कीं, तुमच्याकडे 'लॅम्प-टाइम' होतो तेव्हां आमच्याकडे सकाळ असते आणि मी शाळेंत असतें. तरी आजीनें दिवा लावतांना माझेंहि नांव घ्यावें.

वहिनी त्या संध्याकाळपासून तें नांव घेतात.